संडासातला बल्ब

(मेडशी येथे ज्येष्ठांच्या आरोग्यावर झालेल्या बैठकीतलं भाषण, थोडं संपादित करून.)



संयोजकांनी मला 'वडीलधाऱ्यांची सेवा' हा विषय दिला होता. त्यावर बोलणं सोपं आहे. आईच्या पायाशी जन्नत असते म्हणायचं, दोन किस्से सांगायचे, सगळ्यांचे डोळे ओले झाले की चहा. मी आज त्याऐवजी संडासाबद्दल बोलणार आहे. मागे पोरं हसतायत, हसू द्या. जेवण अजून व्हायचंय, त्याबद्दल मात्र माफी मागतो.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. माझ्या अम्मीला गेली सात वर्षं पोटातून, आतड्यातून पुन्हा पुन्हा रक्त जातं. थांबतं, परत जातं. या सात वर्षांत डॉक्टरांनी जे शिकवलं आणि आमच्या चुकांनी जे शिकवलं, तेवढंच सांगतो. येण्याआधी अम्मीची परवानगी घेतली आहे. तिनं एकच अट घातली: कोणाचं नाव घ्यायचं नाही. "त्या मेडिकलवाल्याचं तर नाहीच. पोरगा चांगला आहे, मीच गोळ्या मागायचे."

तर गोळ्यांपासूनच सुरू करतो. डिसेंबर २०१८. अम्मी तेव्हा शहात्तर वर्षांची. गुडघे गेलेले. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी यायची, सकाळी एक, संध्याकाळी एक, चिठ्ठी वगैरे काही नाही. त्याशिवाय काही वर्षांपूर्वी कुणीतरी 'वय झालंय, हृदयासाठी चांगली' म्हणून रक्त पातळ करायची छोटी गोळी, ॲस्पिरिन, सुरू करून दिली होती. ती का चालू आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रिकाम्या पोटी या दोन गोळ्या आणि वर कडक चहा.

एका पहाटे फजरच्या वजूसाठी उठली आणि न्हाणीजवळ कोसळली. अंग थंड, घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. १०८ ची गाडी बोलावली, इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं, तिथून पातूरचा घाट उतरून अकोला. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजींची संडास कोणत्या रंगाची होते?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको खाली पाहत होती.

चार दिवसांपासून डांबरासारखी काळी, चिकट आणि भयंकर वासाची होत होती. अम्मीला माहीत होतं. बायकोला माहीत होतं, कारण पाणी टाकून साफ तीच करत होती. मी एकाच घरात राहत होतो आणि मला काही माहीत नव्हतं. नंतर तिला रागावून विचारलं, "सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "तुम्हाला? तुमच्या आईच्या संडासचं? कोणत्या तोंडानं सांगू?" अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "लोगां क्या बोलेंगे." आता संडासात कोणते लोग बसले होते, अल्ला जाणे.

हिमोग्लोबिन ५.८ निघालं. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, तोंडातून दुर्बीण घातली. जठरात व्रण होता, त्यातून रक्त झिरपत होतं. रक्त वरून, म्हणजे जठरातून आलं की वाटेत पचतं आणि काळं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर माझ्या डोक्यात रक्त म्हणजे लाल. लाल दिसलं नाही, म्हणजे रक्त गेलं नाही! लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती हिरवट-काळी आणि बांधलेली असते. रक्ताची काळी संडास चकाकते, चिकटते आणि तिचा वास एकदा आला की विसरत नाही.

दुखण्याची गोळी कायमची बंद झाली. जठरात एक जंतू सापडला, त्याचं चौदा दिवसांचं औषध झालं. हा जंतू व्रण करतो हे शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरेन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं. त्याआधी जग म्हणायचं, व्रण चिंतेनं आणि तिखटानं होतो. आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, शेक आणि काठी. आम्हाला वाटलं, विषय संपला.

घरी आल्यावर मी एकच शहाणपणाचं काम केलं. आमच्या संडासात एक मिणमिणता पिवळा बल्ब होता. तो काढून नऊ वॅटचा पांढरा एलईडी लावला. सात वर्षांत मी अम्मीसाठी जी काही खरेदी केली, त्यात ही सगळ्यात उपयोगी. आधी आपण परसाकडे शेतात जायचो, तेव्हा कोण बघणार होतं? मग घरोघर संडास झाले, पण अंधारे. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, त्या संडासात वाचता येईल इतका उजेड हवा.

दुसरी वेळ सव्वा वर्षानं आली, २०२० च्या सुरुवातीला. या वेळी काळं नव्हतं, गडद लाल होतं, थोडं थोडं, मधे थांबायचं. बल्बमुळे दिसलं आणि बायकोनं त्याच दिवशी मला सांगितलं. तरी चूक झालीच, आणि ती माझी. मी म्हटलं मूळव्याध असेल. आपल्या रस्त्यांवर भिंतीभिंतीवर पाट्या असतात, मूळव्याध, भगंदर, शर्तिया इलाज. अशा एका ठिकाणी नेलं. त्यानं बोटानं तपासलंसुद्धा नाही. पुड्या दिल्या आणि तीन आठवडे गेले. साठीच्या पुढे संडासातून रक्त गेलं तर मूळव्याध हे शेवटचं अनुमान असावं, पहिलं नव्हे, हे मला अकोल्याच्या डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं. मूळव्याध असली तरी तिच्या वर आतड्यात काय आहे ते बघावंच लागतं. कर्करोग असू शकतो, आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या असू शकतात. मूळव्याधीच्या पुड्या खात खात लोक कर्करोगाचे महिने वाया घालवतात.

मग खालून दुर्बीण. ही तपासणी अवघड नाही, तिची तयारी अवघड आहे. आदल्या दिवशी पावडर घालून लिटर-लिटर पाणी प्यायचं, आतडं धुऊन निघेपर्यंत. अम्मीचे गुडघे वाकत नाहीत आणि रात्रभरात दहा-बारा वेळा जायचं! माझी आपा आली होती. तिनं पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, वाटेतली सतरंजी उचलली, रात्रभर दिवा चालू ठेवला आणि दर वेळी उठवताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसवलं. एकदम उभं केलं की चक्कर येते आणि म्हातारी माणसं अशाच रात्री पडून खुबा मोडून घेतात. कुणाची ही तपासणी ठरली तर त्या रात्री दोन माणसं जागी ठेवा, आणि साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारून घ्या.

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला सापडलं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. नाव अँजिओडिस्प्लेशिया. वयानं रक्तवाहिन्या फुगतात, त्यांची भिंत पातळ होते, कधीतरी झिरपतात. दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या साहाय्यानं ते जाळले. उजव्या बाजूचं आतडं पातळ असतं म्हणून हलक्या हातानं.

यानंतर जे झालं ते मला आजही गोष्टीसारखं वाटतं. पोटाच्या त्या डॉक्टरांनी अम्मीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. मी म्हटलं, साहेब, पोटाचं दुखणं आहे. ते म्हणाले, "थांबा." मग इको करायला पाठवलं. हृदयातून मोठ्या धमनीत रक्त जातं तिथली झडप कडक होऊन अरुंद झाली होती.

१९५८ साली एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं होतं, की ज्या वयस्क रुग्णांची ही झडप अरुंद असते त्यांच्यात आतड्यातून रक्त जाणारे लोक बरेच दिसतात, कारण मला कळत नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी कारण कळलं. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन असतं, लांब दोऱ्यासारखं. अरुंद झडपेतून रक्त जोरात घुसताना तो दोरा तुटतो. मग आतड्यातला एखादा नाजूक पुंजका झिरपायला लागला की रक्त लवकर थांबत नाही. म्हणजे गळती आतड्यात, पण बिघाडाचा एक धागा छातीत. मी तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, शरीराचे धडे वेगवेगळे करून, पचनसंस्था, रक्ताभिसरण, प्रश्नोत्तरं. माणूस असा धड्याधड्यानं आजारी पडत नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं: "हे जाळलं, पण नवीन होतील. हा आजार बरा करायचा नाही, सांभाळायचा आहे. साखरेसारखा." मला राग आला होता. इतका खर्च, आणि सांभाळायचा? पण खरं तेच होतं.

सांभाळायचं म्हणजे काय, तर एक वही. शंभर पानी, शाळेची. डावीकडे तारीख, संडासाचा रंग, चक्कर, दम. उजवीकडे हिमोग्लोबिनचा आकडा, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. मागच्या पानावर सगळ्या गोळ्या, कोणी दिली आणि कशासाठी. या 'कशासाठी'च्या रकान्यातच ती ॲस्पिरिन सापडली. समोर काहीच लिहिता येईना. पोटाचे डॉक्टर म्हणायचे हृदयवाल्यांना विचारा, हृदयाचे म्हणायचे पोटवाल्यांना विचारा. शेवटी मी दोघांचे कागद एका टेबलावर ठेवले. अम्मीला कधी झटका आलेला नव्हता, स्टेंट नव्हता. दोघांनी मिळून ती गोळी बंद केली. पण ऐका, इथे गैरसमज नको. ज्यांना झटका येऊन गेलाय, ज्यांना स्टेंट आहे, ज्यांची झडप कृत्रिम आहे, त्यांनी रक्त दिसलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी थांबवली तर स्टेंट बंद पडून जीव जाऊ शकतो. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि बंद-चालूचा निर्णय त्यांच्याकडून घ्यायचा.

रक्त जातं त्याबरोबर लोह जातं. लोहाची गोळी अम्मीला एक दिवसाआड दिली. रोज दिल्यापेक्षा ती अशी सोसते आणि अंगी लागते. सोबत लिंबूपाणी, आणि चहा दोन तास लांब. चहा लांब ठेवणं हे अम्मीच्या दृष्टीनं आजारापेक्षा मोठं संकट होतं. गोळी पुरेना तेव्हा शिरेतून लोह द्यायला लागलो. त्यामुळे रक्ताच्या पिशव्यांची गरज पुष्कळ कमी झाली.

पिशव्यांबद्दल एक सांगतो, कारण दवाखान्यात आपण नातेवाईकच भांडतो, "अजून एक लावा ना साहेब." मीही भांडलोय. २०१३ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी पोटात रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, निम्म्यांना ९ च्या खाली गेल्यावर. कमी रक्त दिलेले जास्त वाचले, आणि त्यांचा रक्तस्राव परत होण्याचं प्रमाणही कमी होतं. हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर थोडं आधी, ८ च्या आसपास, देतात. म्हाताऱ्या हृदयाला भराभर पिशव्या लावल्या तर फुप्फुसात पाणी होतं. आता मी "किती पिशव्या?" असं विचारत नाही, "आकडा किती, आणि दम लागतोय का?" असं विचारतो.

तसंच ते रक्त थांबवायचं इंजेक्शन, ट्रानेक्सॅमिक ॲसिड. बाळंतपणात, अपघातात त्यानं जीव वाचतात, म्हणून आपल्याला वाटतं इथेही चालेल. २०२० मध्ये पंधरा देशांतल्या बारा हजार रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. पोटा-आतड्याच्या रक्तस्रावात त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गाठी होणं आणि फिट येणं वाढलं. जवळच्या दवाखान्यात ते टोचून "आता थांबेल, घरी जा" असं कुणी म्हटलं, तर घरी जाऊ नका.

२०२१ चा रमजान आठवतो का? चौदा एप्रिलला सुरू झाला, वऱ्हाडातला उन्हाळा आणि कोरोनाची दुसरी लाट. अम्मी म्हणाली, मी रोजे धरणार. आकडा ७.४. आजारी माणसाला सूट आहे, हे तिनंच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. पण स्वतःवर लागू करायची वेळ आली की म्हणते, मी कुठे आजारी आहे, थोडा थकवा आहे. रोज्यानं रक्त जात नाही, ते खरं. पण रक्त आधीच कमी, झडप अरुंद, त्यात दिवसभर पाणी नाही, म्हणजे रक्तदाब उतरून पडायला किती वेळ? माझं तिनं ऐकलं नाही. मोहल्ल्यातले मौलाना दारात उभं राहून, तोंडाला रुमाल बांधून बोलले, "अम्मी, सूट ज्यानं दिली त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." त्यांच्यापुढे काही बोलता येईना. मग रोज एका माणसाच्या जेवणाचा फिदया ठरला. तीस दिवस तीस डबे, रोजंदारी बुडालेल्यांसाठी. आणि कुणाला डबा गेला ते अम्मी रोज वहीत लिहून घ्यायची, संडासाच्या रंगाच्या बाजूला.

त्याच महिन्यात रक्त लागलं. लाटेमुळे शिबिरं बंद, रक्तपेढीत साठा नाही, 'रक्तदाता घेऊन या.' शाळेतले दोन सहकारी आले, एक बंजारा, एक मराठा, आणि माझा भाचा, जो रोज्यात होता म्हणून इफ्तारनंतर आला. संचारबंदीत तिघांना अकोल्याला नेताना पोलिसांना चिठ्ठी दाखवत गेलो.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. दोन्ही भरती झाल्यावर कामाला येतात, बाहेरच्या तपासण्यांना नाही. कार्ड आजच काढा. रात्री दोन वाजता रुग्ण गाडीत असताना आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळवत बसायची पाळी माझ्यावर आली होती.

आता जे सांगायचं मनात नव्हतं ते सांगतो.

२०२३ मध्ये रक्त पुन्हा दोनदा गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवलं, मांडीच्या धमनीतून नवीन झडप बसवता येते, छाती फाडावी लागत नाही. झडप बदलली की अशा रुग्णांचा रक्तस्राव बऱ्याचदा कमी होतो. खर्च लाखांत. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणाला, जमीन विकू. मी म्हणालो, एक्क्याऐंशी वर्षं वय, तिला हे सोसणार नाही. वॉर्डाच्या दारात आम्ही दोघं आवाज चढवून भांडत होतो. आतून अम्मीचा आवाज आला:

"माझ्याबद्दल बोलताय ना? मग माझ्याकडे तोंड करून बोला."

तिनं डॉक्टरांना बोलावलं आणि तीन प्रश्न विचारले. हे केल्यावर रक्त नक्की थांबेल का? करताना मरू शकते का? नाही केलं तर काय होईल? डॉक्टर खुर्ची ओढून बसले, ही त्यांची मेहेरबानी. थांबेल असं वचन देता येत नाही, शक्यता चांगली आहे. धोका आहे, थोडा, झटक्याचाही. नाही केलं तर लोह, रक्त, दुर्बीण हे चालू राहील, आणि कधीतरी झडपेमुळेच दम वाढेल.

ती रात्रभर विचार करत होती. सकाळी म्हणाली, झडप नको. लोह घेईन, रक्त लागलं तर घेईन, दुर्बीण एकदा-दोनदा अजून सोसेन. जमीन विकायची नाही. जमिनीचं कारण तिनं शेवटी सांगितलं, पण खरं कारण तेच पहिलं होतं की काय, हे मला आजही कळलेलं नाही. भाऊ चार महिने माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटतं मी तिच्या मनात आधीच भरवलं होतं. मी भरवलं नव्हतं. पण माझं मत तिला माहीत होतं, आणि मुलाचं मत आईला माहीत असणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. भावाचं अगदीच चूक आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

त्या दिवशी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, तिच्या सांगण्यावरून: काय करायचं, काय नाही, आणि कधी थांबायचं नाही. काळी किंवा लाल संडास आणि सोबत चक्कर, गार घाम, धाप, छातीत दुखणं, लघवी कमी किंवा बोलण्यात गोंधळ, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट पाहायची नाही, तोंडानं काही खायला द्यायचं नाही, झोपवून पाय वर आणि १०८. मालेगावला थांबून बघू, असं नाही. (आपलं मालेगाव, नाशिकचं नव्हे.) खाली तिचा अंगठा आहे. सही येते तिला, पण म्हणाली, अंगठा पक्का.

अम्मी आज आली नाही, घरी आहे. परवाचा आकडा ८.९. उद्या सकाळी सातच्या गाडीनं तिला लोहाच्या सलाईनला न्यायचंय. वही इथे टेबलावर ठेवतो, ज्यांना रकाने उतरवून घ्यायचेत त्यांनी घ्या, फक्त जाण्याआधी परत द्या. आणि बायकांना काही विचारायचं असेल तर माझी बायको तिकडे दाराजवळ बसली आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि आता ती सांगते.